पानी चालस

माझं नाव समाधान. आईबापांनी ते कशाच्या भरवशावर ठेवलं, त्यांनाच ठाऊक. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत आहे. मी जळगावातल्या एका संस्थेत काम करतो. पाऊस लहरी झाला, ऊन वाढलं, तर गावानं काय करायचं हे गावात बसून ठरवायचं आणि कागदावर मांडायचं, हे आमचं काम. त्या कागदांना ‘हवामान अनुकूलन आराखडा’ म्हणतात. आजवर मी अशा बावीस गावांचे आराखडे लिहिले. त्यातल्या एका गावातला एक माणूस आणि त्याचं एक वाक्य मला आता सुखानं जेवू देत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माणसाचं नाव आमश्या. चोपड्याच्या केळीच्या बागा मागे टाकून सातपुड्याच्या पायथ्याला गेलं की सातझिरी नावाचा पाडा लागतो, तिथला. वय सत्तरच्या आसपास असावं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, पाड्यातल्या निम्म्या लोकांची असते तशी. बायको गुंताबाई. दोन एकर कोरडवाहू जमीन, तीत ज्वारी आणि तूर. चैत्रात मोहाची फुलं वेचायची, आणि हात रिकामे असले की खाली केळीच्या बागेत मजुरीला जायचं. तो भगत नव्हता. त्याच्या अंगात येत नसे, की कुणाच्या नवसाशी त्याचा संबंध नसे. पण पाड्यात कुणाला खळं करायचं असो, झोपडी घालायची असो, उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरा खणायचा असो, लोक आधी आमश्याआबाला विचारत. तो जागेवर जाई, चपला काढून उभा राही आणि सांगे. लोक तसं करत. एवढीच त्याची इस्टेट होती. लोकांनी विचारावं आणि त्यानं सांगावं, एवढी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी एक काम पाडा न चुकता करायचा. आमश्याआबा हातात काठी घेऊन नाल्याच्या वरच्या टोकाला उभा राहायचा, आणि सगळा पाडा त्याच्यामागे अनवाणी नाला उतरायचा. वाटेत पडलेली झाडं, फांद्या, कुणी रचलेले दगड, सगळं बाजूला काढायचे. ‘पाण्याची वाट मोकळी करणं’ म्हणायचे त्याला. आबाच्या शेताच्या कडेनं एक उथळ पट्टा होता, वीस पावलं रुंद, गोल गोटे आणि लव्हाळा. त्यात वीस वर्षांत पाण्याचा थेंब वाहिला नव्हता. तरी दोन एकरांचा धनी असलेला हा माणूस तो पट्टा पेरत नसे, आणि दर आखाजीला तोही साफ करायचा. पुतण्या सुकलाल त्याला हसायचा. सुकलाल दहावीपर्यंत शिकलेला, कष्टाळू, घाईचा माणूस. त्याच्या मते काका जमीन फुकट घालवत होता.

मी तिथं पहिल्यांदा गेलो ते मार्चमध्ये. एकतीस तारखेच्या आत आराखडा द्यायचा होता. शाळेपुढच्या अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा कार्यक्रम केला. निळ्या रांगोळीनं नाला काढला. आमश्याआबा बराच वेळ बिडी ओढत बघत बसला होता. मग उठला, चुलीतली राख मागवली, आणि निळ्या रेघेच्या वळणापासून राखेची एक सरळ रेघ ओढत आपल्या शेताच्या कडेपर्यंत आला. मी फोटो त्याच्या आधीच काढून ठेवले होते. ऊन चढलं होतं, पोरंटोरं नकाशावर नाचायला लागली होती, आणि मला साडेचारची एसटी गाठायची होती.

आराखड्यात एक मातीचा बंधारा घ्यायचा होता. जागा जवळजवळ ठरलेलीच होती, नाल्याच्या त्या वळणावर. तिथपर्यंत जेसीबी जाऊ शकत होता, हे तिचं मुख्य गुणवैशिष्ट्य. आमच्या फॉर्ममध्ये चौदावा रकाना होता: ‘जागा निवडताना स्थानिक पारंपरिक ज्ञानाचा विचार केला आहे काय? असल्यास तपशील.’ या एका रकान्याला त्या वर्षी फार महत्त्व आलं होतं. आदिवासींच्या ज्ञानाला धोरणात जागा द्यायची, असं वरून ठरलं होतं. आमच्या प्रकल्पप्रमुख शीतल मॅडम म्हणाल्या होत्या, “समाधान, चौदावा रकाना रिकामा आला तर आराखडा परत येईल.” म्हणून नकाशा झाल्यावर मी आबाला वळणावर घेऊन गेलो. तो चपला काढून उभा राहिला. काठीनं जमिनीकडे दाखवलं आणि म्हणाला,

“आठे पानी चालस, साहेब.”

मी टॅबवर लिहिलं: ‘गावातील जाणकार ज्येष्ठ श्री. आमश्या यांच्या मते ही जागा चालते.’

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आठे म्हणजे इथं, चालस म्हणजे चालतं. माणूस चालतो तसं पाणी चालतं. आणि मराठीत चालतं म्हणजे ठीक आहे, हरकत नाही, असंही होतं. एका शब्दाचे दोन पाय, आणि मी माझ्या सोयीच्या पायावर उभा राहिलो. पुढे चौकशी झाली तेव्हा मी लेखी जबाब दिला, ‘बोलीभाषेतील फरकामुळे गैरसमज झाला.’ तो जबाब साहेबांना पटला. तुम्हालाही पटला असता. पण थांबा जरा.

बंधारा जूनच्या आत उभा राहिला. पहिल्या वर्षी पाऊस मध्यम झाला. बंधारा भरला, खालच्या विहिरींना पाणी वाढलं, आम्ही ड्रोननं फोटो काढले. आराखड्याचं पुस्तक छापून आलं, गुळगुळीत कागदावर. मधल्या पानावर आबाचा फोटो आणि खाली ओळ: ‘पारंपरिक ज्ञानातून निवडलेली जागा.’ रांगोळीच्या नकाशाचाही फोटो होता. त्यात फक्त निळी रेघ होती. आबाच्या शेताकडेच्या पट्ट्यावर हिरवा रंग होता, आणि त्याचा अर्थ दिला होता, ‘बंधाऱ्यामुळे संरक्षित, लागवडीयोग्य.’

डिसेंबरात जळगावला कार्यशाळा झाली. आबाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठरला. मीच त्याला गाडीनं घेऊन आलो. नव्या पांढऱ्या टोपीत तो खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. सत्कारपत्र मी वाचलं, माझ्या शुद्ध, घोटीव मराठीत. त्यात ते वाक्य होतंच. ‘आमश्याबाबांनी एका शब्दात सांगितलं, ही जागा चालेल.’ आबानं माझ्याकडे मान वळवून पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. मग कुणीतरी म्हणालं, बाबांनी दोन शब्द बोलावेत. माइक त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, सभागृहाकडे पाहिलं आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाला,

“आठे पानी चालस.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबला, टाळ्या संपू दिल्या, आणि पुन्हा म्हणाला, “नही, नही. पानी चालस तठे!” पुन्हा टाळ्या. समोरच्या रांगेतल्या एक बाई तर डोळे पुसत होत्या. आबा माझ्याकडे बघत होता. पाण्यात पडलेला माणूस काठावरच्या ओळखीच्याकडे बघतो तसा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी भरलेल्या त्या सभागृहात त्याची बोली समजणारा मी एकटाच होतो. मी पुढे झालो, त्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हणालो, “धन्यवाद, आबा.”

आता खरं सांगतो. माझं घर धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं. माझी आई भिकुबाई आजही अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही. मी दूध प्यालो ते या बोलीत. जळगावला वसतिगृहात आलो तेव्हा माझ्या बोलण्यात ‘आहे’ला ‘शे’ यायचं म्हणून पोरं मला ‘शे-शे’ चिडवायची, म्हणून मी ती जिभेवरून खरवडून काढली. आईचा फोन आला की मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बोलायचो, कुणी ऐकू नये म्हणून. जिभेवरून काढली, पण कानातून कुठं जाणार होती? त्या दिवशी वळणावर आबा एकच वाक्य बोलला नव्हता. तीन बोलला होता. “थोडं पानी वळस. भलतं पानी चालस. आठे पानी चालस, साहेब, त्याले आडवं नका पडू.” थोडं पाणी वळणानं जातं, फार पाणी सरळ आपल्या वाटेनं चालत सुटतं, त्याच्या आडवे पडू नका. मला शब्दन् शब्द समजला होता. तीन वाक्यांतलं मला हवं ते मी उचललं, आणि एसटी गाठली. गैरसमज कसला घेऊन बसलात! मी खोटं लिहिलं.

दुसऱ्या वर्षी सुकलालनं तो पट्टा मागितला. आबा नाही म्हणाला. त्यावर सुकलाल पुस्तक घेऊन आला. हे मला नंतर गुंताबाईनं सांगितलं. तो म्हणाला, “काका, पुस्तकमा तुमनंच नाव छापेल शे ना.” आबानं परोपरीनं समजावलं, पण छापील कागदापुढे तोंडच्या शब्दाचं काय चालणार? पाड्यातले चार जण सुकलालच्या बाजूनं बोलले. म्हातारा सभेत एक सांगतो आणि घरी एक, असंही कुणी म्हणालं. शेवटी आबानं पट्टा सोडला. सुकलालनं गोटे वेचून पट्टा नांगरला, कापूस लावला, आणि त्याच्या वरच्या टोकाला गोठा बांधला.

सप्टेंबरात, दुपारी तीनच्या सुमाराला, डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. पाड्यात तर तेव्हा ऊन होतं. पाणी वळणापर्यंत आलं आणि वळलं नाही. सरळ बंधाऱ्याच्या मातीच्या खांद्यावर, काठाला टेकलेल्या टोकावर आलं, तो खांदा घेऊन गेलं, आणि अडवून ठेवलेलं सगळं पाणीही सोबत घेऊन त्या पट्ट्यातून चालत सुटलं. राखेची रेघ होती ना, हुबेहूब तिच्यावरून. माणसं निंदणीला वरच्या शेतात होती म्हणून वाचली. सुकलालची बैलजोडी गोठ्यात बांधलेली होती. तो धावला, पण दावं सोडायला पोहोचू शकला नाही. त्यानं ते उभ्यानं पाहिलं. पाणी ओसरल्यावर पट्ट्यात कापूस नव्हता, गोठा नव्हता, मातीही नव्हती. आबाच्या शेताचाही अर्धा एकर खरवडून गेला होता.

चौकशी आली. आमच्या कार्यालयानं चौदावा रकाना पुढे केला. जागा स्थानिकांच्या सल्ल्यानं निवडली होती, सबब दोष कुणाचा नाही. मी माझा ‘गैरसमजा’चा जबाब दिला आणि सुटलो. सुटलो म्हणजे नोकरी राहिली. आबा मात्र सुटला नाही. गावात त्याचा अर्थ सरळ लागला. म्हाताऱ्यानं सांगितलं तिथं बंधारा झाला, म्हाताऱ्याच्या सांगण्यानं बैल मेले. सुकलालनं काकाशी बोलणं टाकलं. त्या थंडीत पाड्यात दोन झोपड्या नव्यानं झाल्या आणि कुणीही आबाला जागा विचारायला आलं नाही. गुंताबाई मला म्हणाली, “कोनी इचारत नही आते. सकायपासून ओटावर बशी राहस.” ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं मला चहा दिला.

मार्चमध्ये मी आईकडे गेलो तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटवत तिनं विचारलं, “तुले समजनं नही, का समजीसन गप बसना?” चौकशीच्या साहेबांनी चार पानं प्रश्न विचारले होते. त्यात हा प्रश्न नव्हता. आईनं ताटात भाकरी वाढली. त्या दिवशी पहिल्यांदा मी भरल्या ताटावरून उठलो.

जळगावला परतल्यावर शीतल मॅडमना म्हणालो, ते वाक्य मला दुरुस्त करायचं आहे. त्या वाईट नाहीत. थकलेल्या असतात. म्हणाल्या, “अरे, तो आराखडा आता नमुना म्हणून इतर तालुक्यांना गेलाय. पुढच्या आवृत्तीत बघू. आता कशाला उकरतोस?” मी तीन वाक्यं जशीच्या तशी लिहिली, राखेच्या रेघेचा नकाशा काढला, खाली सही केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. अजून उत्तर नाही. पण कागदानं केलेलं कागदानं फिटेल, असं म्हणून घरी बसणंही मला जमेना. खोटं मी पुस्तकात लिहिलं होतं खरं, पण ते राहत होतं पाड्यात.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातझिरीला पोहोचलो. नाल्याच्या वरच्या टोकाला आबा काठी घेऊन उभा होता. मागे फक्त गुंताबाई. दरवर्षी जिथं सगळा पाडा गोळा व्हायचा, तिथं ही दोन म्हातारी माणसं. मी त्यांच्याकडे गेलो नाही. आधी हातपंपावर गेलो, जिथं बाया पाणी भरत होत्या आणि चार-पाच बाप्ये बसले होते. सुकलालही होता. मी पुस्तक काढलं, मधलं पान उघडलं, आणि ज्या बोलीत मी चारचौघांत वीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं, तीत बोललो. जीभ अडखळत होती.

“हाई मी खोटं लिखेल शे. आबानी सांगेल व्हतं, आठे पानी चालस, आडवं नका पडू. माले समजनं व्हतं. मी उलटं लिखं. आबाना काही दोष नही.”

हातपंपाचा दांडा हलायचा थांबला. सुकलाल उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मोकळा झालो असतो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुले आमनी बोली समजस?”

“समजस.”

“मंग तवय काय झायं व्हतं?”

एसटी, रकाना, एकतीस मार्च, यातलं काय सांगणार होतो त्याला? त्याची बैलजोडी गेली होती. पुस्तक त्याच्यापुढे धरलं. सुकलालनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, ते पान बराच वेळ पाहिलं, आणि पुस्तक परत माझ्या हातात कोंबलं.

मी नाल्याकडे वळलो. आबानं ऐकलं होतं की नाही, माहीत नाही. वाऱ्यावर आवाज जातो तिथं. जवळ गेलो तर तो माझ्या पायांकडे पाहत म्हणाला, “चपला काढा, साहेब. वाटमा शेतस तुम्ही.” मी चपला काढल्या. वैशाखातले गोटे चांगलेच तापले होते. आम्ही उतरायला लागलो, तो पुढे, मग गुंताबाई, मग मी. फांद्या ओढून बाजूला टाकत होतो. वळणाजवळ, बंधाऱ्याचा फुटका खांदा दिसायला लागला तिथं मी मागे वळून पाहिलं. वीसेक पावलांवर सुकलाल येत होता, अनवाणी. त्याच्यामागे हातपंपावरच्या दोन बाया. एक मोठा ओंडका एकट्या सुकलालनं उचलून काठावर टाकला. आबानं मागे पाहिलं, क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू लागला.

तिथंच मला राहवलं नाही. म्हणालो, “आबा, मनं चुकनं. माले माफ करा.”

तो फुटलेल्या मातीकडे बघत होता. काठी खाली टेकवून म्हणाला,

“चालस.”

आणि पुढे निघाला. मी तिथंच उभा होतो. चालस म्हणजे ठीक आहे, जाऊ दे, केलं माफ? की चालस म्हणजे ते पाणी अजून चालतंच आहे, तुझ्या माफीनं ते थांबत नाही? मला ही बोली येते. दोन्ही अर्थ येतात. मागच्या वेळी मी सोयीचा उचलला होता. या वेळी मी धावत त्याच्यापुढे गेलो आणि विचारलं, “आबा, म्हंजे काय?”

त्यानं काठीनं पुढची फांदी दाखवली. मी वाकून ती ओढायला लागलो.